सोसायटीच्या कॉम्प्युटरमधले एकेचाळीस जण

सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये एकेचाळीस जण कामाला आहेत आणि त्यातल्या एकालाही आपण नेमलेलं नाही, हे सेक्रेटरी गुणवंत सामंत यांना दुपारी चार वाजता कळलं.

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या क्षितिजाने त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम बसवून दिली होती. तेही फुकट! गुणवंतरावांचा पहिला संशय तिथलाच. एकतीस वर्षं ऑफिसचा हजेरीपट त्यांच्या टेबलावर होता. फुकट राबणारा एकही इसम त्यांना त्यात भेटला नव्हता.

"पडद्यामागे काय काय चालू असतं, ते इथे दिसतं काका," असं म्हणून क्षितिजाने एक यादी दाखवून ठेवली होती. आज ते ती वाचायला बसले. एकेचाळीस सर्व्हिसेस, प्रत्येकीपुढे तिचं काम आणि चालू-बंदचं बटण.

छपाईची सर्व्हिस. "छापायला कागद नाही, आणि ही सकाळपासून चालू?" बंद. पुढची, कोणी पेन ड्राइव्ह लावतंय का याची वाट बघणारी. दारात टेहळणी करणारे गुणवंतरावांनी पुष्कळ पाहिले होते. बंद. तिसरी नेटवर्कची, म्हणजे बाहेरच्यांशी बोलणारी. तिच्यावर तर त्यांनी जास्तच जोरात क्लिक केलं. दरवेळी कॉम्प्युटर पासवर्ड मागायचा आणि ते मेमोवर सही ठोकावी तसा तो द्यायचे.

पाच वाजता बी विंगचा दिपेश शाह डोकावला. सेक्रेटरीच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता.

"गुणवंतभाई, सभेची नोटीस लागली की नाय? चौदा दिवस पूरा पायजे हां. आज छे बजेपर्यंत बोर्डवर नाय दिसली तर सभा कॅन्सल, नि तुमचं इलेक्शनपण. मैं फोटो लेने आऊंगा."

"या की. चहा पण घ्या," गुणवंतराव म्हणाले आणि तो वळताच प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म.

दुरुस्तीच्या प्रस्तावासकट नऊ पानांची नोटीस. हाताने लिहिणं शक्य नव्हतं. झेरॉक्सवाल्याला मेल करावी, तर इंटरनेट नाही. पेन ड्राइव्हवर घ्यावी, तर पेन ड्राइव्ह दिसेना. तिन्ही वाटा एकाच वेळी बंद? हा योगायोग नव्हे. गुणवंतरावांना दिपेशचं हसू आठवलं. त्यांनी क्षितिजाला फोन लावला.

"घातपात झालाय. ताबडतोब खाली ये."

क्षितिजा आली, यादी बघितली आणि कपाळाला हात लावला. "काका, या रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. कामाची वाट बघत होत्या. नको त्या बंद कराव्यातच, पण आधी कोण कशासाठी थांबलंय ते बघून."

"ते मला सांगू नकोस. प्रिंटर, इंटरनेट बंद कोणी पाडलं ते सांग."

तिने सर्व्हिसेस चालू केल्या. प्रिंटर घरघरला. सहाला दोन मिनिटं कमी असताना नोटीस बोर्डवर लागली. दिपेश मोबाइल घेऊन हजरच होता.

"लागली?" त्याचा चेहरा पडला.

"लागली! आणि आता तुमचे उद्योग पण बाहेर येतील. क्षितिजा, नाव काढ. यांच्यासमोरच काढ."

"काका, नंतर बघू या ना."

"आत्ताच्या आत्ता!"

क्षितिजाने कॉम्प्युटरवर कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदी उघडल्या. चार वाजून बारा मिनिटं, छपाई बंद, गुणवंत. चार पंधरा, पेन ड्राइव्ह, गुणवंत. चार सतरा, नेटवर्क, गुणवंत.

दिपेशने फोटो काढला. नोटिशीचा नाही, स्क्रीनचा. "सभेत दाखवू हां, गुणवंतभाई," म्हणत तो आनंदाने गेला.

गुणवंतरावांनी दार लोटून घेतलं.

"हे सगळं लिहून कोण ठेवतं गं?"

"ती पण एक सर्व्हिसच आहे काका."

"बघ! मला शंका होतीच. तेवढी एक बंद करता येईल?"

"येईल की," क्षितिजा म्हणाली. "फक्त, कोणी बंद केली ते ती शेवटचं लिहून जाईल."