भिंतीतल्या बाईंचा अर्ज

जग कुणीतरी बनवलेलं असतं, आणि बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी त्याला एक मागचं दार ठेवलेलं असतं, हे सुजाण माणसाने एकदा मान्य करून टाकावं. प्रश्न दाराचा नसतो. त्या दारातून कुणी जायचं, कधी जायचं आणि जाऊन आल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हा प्रश्न असतो. त्यासाठीच समिती लागते.

आमच्या इमारतीतली चौदा बिऱ्हाडं मिळून एक व्हिडिओ गेम खेळतात. गेममध्ये एक गाव आहे. नदी आहे, पूल आहे, टेकडी आहे आणि टेकडीच्या माथ्यावर, समुद्राकडे तोंड करून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं एक दीपगृह आहे. या गावात माणूस लाकूड तोडतो, दगड फोडतो, घर बांधतो आणि घाम गाळतो (घाम दिसत नाही, पण अपेक्षित आहे). गावाचं मागचं दार म्हणजे कन्सोल. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, एरवी कुणी दाबत नाही असं एक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर वरून काळी पट्टी उतरते. तिच्यात कमांड लिहायची की गाव ऐकतं. ऊन म्हटलं की ऊन. घोडा म्हटलं की घोडा. गेम बनवणाऱ्यांनी ही सोय स्वतःच्या चुका तपासायला ठेवली होती. जाताना कडी घालायची राहून गेली.

कडी नाही म्हटल्यावर आम्ही समिती नेमली. अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. सदस्य दोन: गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आणि तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई. सचिव मी. मी नोकरीने वजनकाटे तपासतो, त्यामुळे माझ्या नेकीबद्दल वेगळा ठराव करावा लागला नाही. समितीचे नियम मोजके आहेत. पहिला, कन्सोल कुणीही वापरू नये. दुसरा, वापरायचाच झाल्यास तीन प्रतींत अर्ज करावा. तिसरा, अर्ज आल्यास नियम पहिला पाहावा.

दोन वर्षांच्या अहवालात 'कन्सोलचा वापर' या रकान्यात शून्य आहे, आणि ते शून्य मी स्वतः कंपासचा आधार न घेता गोल काढलेलं आहे. गावाची भरभराट झाली ती निव्वळ कष्टाने. डॉक्टरांनी एका रविवारी, नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात, अकरा मजली बुरूज उभा केला. मास्तरांच्या अंगणात बारा महिने ऊन असतं, कुंपणापलीकडे धो धो पाऊस असला तरी (नशीब एकेकाचं). शिलाईवाल्या बाईंच्या मेंढ्या निळी लोकर देतात. बाई म्हणतात, प्रेमाने वाढवल्यात. माझं घर साधं आहे. दार बंद असतं, त्याचं कारण वारा.

अशा या नेकीच्या गावात एके दिवशी अर्ज आला. अर्जदार: माझी आई.

आईबद्दल थोडक्यात. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं, ते धड जुळलं नाही. तेव्हापासून ती आतल्या खोलीत पलंगावर असते. माझ्या बायकोने तिच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून दिला आणि गेममधल्या गावात आईने चालवायची एक बाई तयार करून दिली. ती बाई चालते. पहिल्या दिवशी आईने तिला नुसतं पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. दुसरं काही केलंच नाही.

दुसऱ्या शहरातल्या माझ्या मोठ्या मावशीनेही मग एक बाई तयार करून घेतली. मावशीच्या डोळ्यांसमोर धुकं आहे. ठळक आणि उजेडाचं तेवढं तिला दिसतं. रोज चार वाजता दोघी विहिरीपाशी भेटायच्या आणि चालायच्या. चालता चालता कानाला लावलेल्या माईकवरून बोलायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या गुडघ्यात काय, लहानपणी कुठल्या झाडावरून कोण पडलं. एकदा टेकडी चढून दीपगृहापाशी जायचं, दिवा फिरताना बघायचा, असं त्यांचं ठरलं होतं. एवढा मोठा दिवा मावशीला नक्की दिसला असता. बुधवारी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी निम्मीनिम्मी आशा दिली होती. म्हणून बुधवारच्या आत.

त्याच्या आदल्या गुरुवारी आई मावशीची वाट बघत गावातल्या एका बाकावर बसली होती, आणि तिच्या अंगावरून भिंत गेली.

भिंत समितीच्या सभागृहाची. बाकाला लागूनच सभागृह आहे आणि त्या दुपारी त्याची रुंदी वाढवण्यात आली. आई भिंतीच्या आत राहिली. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. गेम बंद करून पुन्हा उघडला तरी तो माणसाला सोडलं तिथेच आणून उभं करतो. समितीची भिंत फोडता येत नाही, अशी आमची आम्हीच व्यवस्था करून ठेवलेली. उपाय एकच: कन्सोलवर 'नोक्लिप' ही एका शब्दाची कमांड. ती दिली की भिंती माणसाला अडवत नाहीत. बाहेर यायचं, कमांड मागे घ्यायची. एकूण वेळ सहा सेकंद (असं म्हणतात).

आईने आतून हाक मारली, "अरे, मी भिंतीत अडकलेय. तेवढं काढ ना."

मी बाहेरच्या खोलीतून तिला सांगितलं की अर्ज कर.

घरचं माणूस म्हणून सूट दिली असती तर समितीवर काय विश्वास राहिला असता? आईने तीन प्रतींत अर्ज लिहिला. बायकोने तो आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणला, अंतर अकरा पावलं. मी पोच दिली. पोच घेऊन बायको अकरा पावलं आत गेली आणि जाताना तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्या नजरेची नोंद घ्यायला आमच्या वहीत रकाना नाही.

अर्जाची छाननी शुक्रवारी झाली आणि पहिल्याच ओळीला अडचण आली. अर्जदाराने लिहिलं होतं: 'मी बसले असताना भिंत एकदम आली.' आता, समितीच्या नोंदीप्रमाणे ती भिंत मास्तरांनी आणि डॉक्टरांनी हाताने, दगडावर दगड ठेवत, तीन आठवडे खपून बांधली आहे. भिंत एकदम येत नसते. एकदम आणायला कन्सोल लागतो, आणि कन्सोलचा वापर शून्य आहे. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर अर्जदार तीन आठवडे बाकावर बसून अंगाभोवती भिंत चढताना बघत राहिल्या, किंवा त्या मुद्दाम भिंतीत शिरल्या. पहिल्यात निष्काळजीपणा आहे, दुसऱ्यात घुसखोरी. कोणत्या सदराखाली अर्ज फेटाळावा यावर दीड तास चर्चा झाली. शिलाईवाल्या बाईंनी दोन्ही सदरं जोडून मध्ये टाका घालायचं सुचवलं.

मास्तर मनाने मऊ आहेत. ते म्हणाले, आजींना नवी बाई तयार करून द्या की, प्रश्न मिटला. मी तसं आईला कळवलं.

"नवी कशाला?" आई म्हणाली. "हिला सगळ्या वाटा पाठ झाल्यात. आणि ताई माझ्या चालीवरून मला ओळखते. तिला तोंडं दिसत नाहीत."

हे म्हणणं भावनिक असल्याने नोंदवलं नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. मावशी रोज चार वाजता यायची आणि चाचपडत भिंतीपाशी येऊन बसायची. आत एक, बाहेर एक. बोलणं मात्र चालू होतं, कारण आवाजाला भिंत लागत नाही. मावशीला दळताना गाणी रचायची सवय होती. जातं गेलं, सवय राहिली. सोमवारी तिने भिंतीला पाठ लावून म्हटलं:

मधे उभी गं भिंत, भिंतीला नाही दार,
बहिणीच्या शब्दाला कोण गं अडवणार.

मी इतिवृत्तात लिहिलं: 'अर्जदाराच्या नातेवाइकाने दोन ओळी सादर केल्या. विषयाशी संबंध नाही.'

मंगळवारी दुपारी तीन वाजता तोंडी सुनावणी ठेवली. अर्जदाराला उठता येत नसल्याने समितीच आतल्या खोलीत गेली, यावरून समितीची माणुसकी दिसून येईल. खुर्च्या कमी होत्या. मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर टेकले, शिलाईवाल्या बाई पलंगाच्या पायथ्याशी, आणि अध्यक्ष एका भक्कम खुर्चीवर. ती कमोडची आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बायको दारात उभी राहिली. लॅपटॉपवरून मावशी ऐकत होती.

अध्यक्षांनी आईला भिंत, बाक, तारीख वगैरे विचारलं. आईने सगळं पुन्हा तसंच सांगितलं. मग मास्तरांनी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "आजी, दिवसभर तिथे आत करता तरी काय?"

"बघते."

"भिंतीत काय बघणार?"

"अहो, आतून भिंतच दिसत नाही," आई म्हणाली. "एकही दिसत नाही. भिंती बाहेरून रंगवलेल्या आहेत ना, आतल्या बाजूला काहीच नाही. गावातली सगळी घरं आरपार दिसतात. डॉक्टर, तुमच्या तळघरात घोडे आहेत. मी मोजले, चाळीस. सगळे एकाच जागी, एकमेकांच्या पोटात उभे. बिचाऱ्यांना हलता येत नाही. माझ्यासारखंच."

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. आई पुढे सांगत राहिली.

"मास्तर, गुरुवारी तुम्ही पाऊस पाडून बघितलात, मग परत ऊन केलंत. आणि बाई, तुमच्या मेंढ्या आधी हिरव्या होत्या. निळ्याच छान दिसतात, खरंच."

आई कुणाला टोचून बोलत नव्हती. पलंगावरच्या माणसाला बाहेरचं काही दिसलं की ते सांगावंसं वाटतं, एवढंच. पण अध्यक्ष उठले (खुर्चीचं झाकण वाजलं) आणि म्हणाले की एका ज्येष्ठ महिलेला भिंतीत ठेवणं समितीला शोभत नाही. मास्तर म्हणाले, क्षणभरही नाही. शिलाईवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवस रेंगाळलेला ठराव चार मिनिटांत, एकमताने, मानवतेच्या दृष्टिकोनातून मंजूर झाला. सभागृहाच्या सगळ्या भिंतींना आतल्या बाजूनेही रंग द्यावा असा उपठराव अध्यक्षांनी मांडला, तोही झाला.

कमांड सचिवाने द्यायची असते. मी लॅपटॉप ओढला, कोपऱ्यातलं बटण दाबलं, काळी पट्टी उतरली, शब्द लिहिला.

"न बघता लिहिलंत," दारातून बायको म्हणाली.

आई बाहेर आली. चार वाजले होते. विहिरीपासून टेकडीपर्यंत दोघी चालत गेल्या. मावशीची बाई मध्येच झुडपात शिरायची, आईची तिला वळवून आणायची. समितीचे लोक चहासाठी थांबले होते, पण कुणी कपाला हात लावला नाही. वर पोचल्यावर दोघी दिव्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग माईकमधून मावशीचा आवाज आला.

"आला उजेड. गेला. आला गं. गेला." थोडं थांबून, "परत आला."

आई म्हणाली, "येतोच तो, ताई."

बुधवारी ऑपरेशन झालं. पट्टी सोमवारी निघेल. निकाल समितीच्या कक्षेत येत नाही.

कथा इथे संपवली असती तर समितीची प्रतिमा उजळ राहिली असती. पण इतिवृत्त पुरं करणं माझं काम आहे. मंगळवारी सगळे गेल्यावर मी आईच्या खोलीतले कप उचलत होतो. ती म्हणाली, "तुझं घर मी सभेत काढलं नाही."

मी कप उचलत राहिलो.

"तुझ्या घरात मी आहे," ती म्हणाली. "कंबर सरळ आहे. ओट्यापासून दारापर्यंत जाते, परत येते. केसही काळे ठेवलेस. तू समोर बसून बघत असतोस."

मी म्हणालो की ती नुसती एक आकृती आहे. तपासणीसाठी बनवली होती.

"बोलते का रे ती?"

"नाही."

"हाका मारत नाही?"

"नाही, आई."

"मग बरी आहे," आई म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला. "मी इकडे हाका मारायचे, तेव्हा तू तिच्यापाशी बसलेला दिसायचास. म्हटलं, चला, कुठल्या तरी आईपाशी आहे."

सदर आकृती समितीने पुढल्या बैठकीत नियमित केली. कुणाचाच विरोध नव्हता.

वाचकांना माझं हसू आलं असेल तर हरकत नाही. मात्र ही कथा वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि एवढ्या वेळात आतल्या खोलीतून एकदा तरी हाक येते, असा आमच्या चौदा बिऱ्हाडांचा अनुभव आहे. आपण 'आलोच' म्हणालात आणि उठला नाहीत, हे आम्ही गृहीत धरलं आहे. समितीत एक जागा रिकामी आहे. आपली निवड बिनविरोध होईल.