चौथ्या गिअरातली शववाहिनी

मिस्त्रीने इंजिनातून मुठीएवढा एक भाग काढून हळूभाऊंसमोर धरला, तेव्हा हळूभाऊंना तो कोळशाचा तुकडा वाटला.

"हा तुमचा ईजीआर व्हॉल्व्ह," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे याच्या आत कुठेतरी तो असावा."

इंजिनातून निघालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवायचा, म्हणजे बाहेरची हवा कमी खराब होते, एवढेच या व्हॉल्व्हचे काम. पण धुराबरोबर काजळीही येते. ती झडपेवर बसत जाते आणि एक दिवस झडप मिटायचीच विसरते. मग गाडी धापा टाकते आणि काळे ओकते. हळूभाऊंच्या गाडीने गेल्या आठवड्यात तेच केले होते, तेही स्मशानाच्या दारात, हातात फुले घेऊन उभ्या असलेल्या चाळीस माणसांच्या तोंडावर. कारण ती शववाहिनी होती. चौदा वर्षांत तिचे तीन लाख बारा हजार किलोमीटर झाले होते. आता आणखी एक तक्रार आली की गाडी मोडीत काढणार, असे मालकाने त्याच दिवशी सांगून टाकले होते. हळूभाऊंना या वयात दुसरी गाडी मिळणार नाही, हेही त्याने त्याच दमात सांगितले.

मिस्त्री काजळी खरवडू लागला. खरवडता खरवडता त्याने गाडी कितीने चालवता म्हणून विचारले. हळूभाऊ म्हणाले, पंचवीसने. आणि रिकामी परत येताना?

"तेव्हाही पंचवीसनेच."

मिस्त्रीचा हात थांबला. "रिकाम्या गाडीत कोणाचा मान राखता?"

हळूभाऊंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. बराच विचार करून ते म्हणाले, गाडीचा. स्वतःची स्कूटरही ते वीसच्या वर नेत नसत. घाई असली की त्यांची बायको चालत जाई.

मिस्त्रीने मग त्यांना समजावले की चौदा वर्षांत या इंजिनाला एकदाही घाम फुटलेला नाही, आणि घाम फुटल्याशिवाय काजळी जळत नाही. व्हॉल्व्ह त्याने लख्ख धुतला, नवे गॅस्केट घालून बसवला, पण पाइपांमधले अजून बाकीच होते. त्यावर एकच उपाय होता. हायवेला जायचे, चौथ्या गिअरात इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर ठेवायचा, वीस किलोमीटर जायचे आणि वीस यायचे.

"सुरुवातीला काळं निघेल. घाबरायचं नाही आणि पाय काढायचा नाही."

हळूभाऊ तिथेच घाबरले. पण चार वाजता हॉस्पिटलच्या मागच्या दारातून एका गृहस्थांना घ्यायचे होते, आणि आता सव्वातीन झाले होते. त्यांच्या घरच्यांपुढे गाडी पुन्हा काळे ओकली तर संपलेच.

हायवेचा जवळचा रस्ता हॉस्पिटलच्या मागूनच जात होता. ते दार आले तसा सवयीने हळूभाऊंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी अर्धा मिनिट थांबली. सवयीनेच त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि पुढे निघाले.

वळणापलीकडे पाच मोटारी उभ्या होत्या. पहिल्या मोटारीत त्या वारलेल्या गृहस्थांचे थोरले भाऊ बसले होते. वय एक्याऐंशी, सगळ्या घराचे काका. वेळेच्या बाबतीत ते कोणावर विश्वास टाकत नसत, म्हणून सगळ्यांना तीन वाजल्यापासूनच गाड्यांत बसवून ठेवले होते. पांढरी गाडी येईल, ड्रायव्हर टोपीवाला असेल, हॉर्न न वाजवता नुसते मागे राहा, असे मालकाने त्यांना फोनवर सांगितले होते. वळणावरून पांढरी गाडी आली. ड्रायव्हर टोपीवाला होता. काकांनी घड्याळ पाहिले, वेळेच्या आधी निघणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द चांगले बोलले, आणि स्टिअरिंगवरच्या जावयाला चल म्हणून खूण केली. पाचही मोटारी मागे लागल्या.

हळूभाऊंनी आरशात ती रांग पाहिली. त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. चौदा वर्षे त्या आरशात दुसरे काही दिसलेच नव्हते.

हायवे लागला आणि हळूभाऊंनी डोळे बारीक करून पाय दाबला. चाळीस. साठ. मग गाडीच्या पोटातून गुरगुर झाली आणि मागून असा काही काळा लोट निघाला की दुसऱ्या मोटारीतल्या आत्यांना पहिली मोटार दिसेनाशी झाली. भर दुपारी सगळ्यांनी दिवे लावले. काचा वर होईपर्यंत जेवढे आत यायचे तेवढे आले होते. जावई चाचरत म्हणाला की ही काही अंत्ययात्रेची पद्धत वाटत नाही.

"पुढे माझा भाऊ आहे," काका म्हणाले. "मागे पडायचं नाही."

काटा पंच्याऐंशीला गेला तेव्हा मात्र काकांनी मालकाला फोन लावला. मालकाला ही तक्रार नेहमीच्या तक्रारींपैकी वाटली. त्याने गोड आवाजात माफी मागितली आणि सांगितले की आमच्या ड्रायव्हरइतका हळू माणूस सबंध शहरात नाही, लोक कंटाळतात, पण वेळेवर पोचवतो, तुम्ही निर्धास्त बसा. काका खिडकीबाहेर पाहत राहिले. झाडे दिसत नव्हती, नुसती हिरवी रेघ दिसत होती.

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. पुतणी होती, गेलेल्यांची मुलगी. कागदांवर सह्या करायला ती एकटीच आत थांबली होती.

"काका, तुम्ही सगळे कुठे आहात?"

"तुझ्या बाबांच्या मागे."

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काका, बाबा इथे माझ्यासमोर आहेत."

काकांनी पुढे पाहिले. पांढरी गाडी धुरातून बाहेर येऊन सुसाट चालली होती.

"मग आम्ही कोणाच्या मागे आहोत?" त्यांनी विचारले.

जावयाने हॉर्नवर हात ठेवला आणि गाडी बाजूने काढली. मागच्या रांगेतली मोटार आपल्याला ओलांडून जात आहे हे पाहून हळूभाऊ दचकले. रांगेतल्या कोणीही आजवर तसे केले नव्हते. त्यांनी गाडी कडेला घेतली. पाचही मोटारींतून माणसे उतरली, चेहऱ्यांवर काजळी, डोळे विस्फारलेले. काकांनी मागचे दार उघडायला लावले आणि आत पार कोपऱ्यापर्यंत पाहिले. आत मिस्त्रीने विसरलेला सफाईच्या फवाऱ्याचा डबा आणि चार काळ्या चिंध्या होत्या.

हळूभाऊंच्या डोळ्यांसमोर मोडीचे दुकान उभे राहिले.

"साहेब, मी फक्त इंजिन तापवायला आलो होतो."

काकांनी घड्याळ पाहिले. "तापलं का?"

"अर्धं झालंय. उरलेलं परत जाताना."

"मग चला. चारला तीन मिनिटं कमी असताना मी दारात पाहिजे."

परत येताना गाडीतून धुराची रेघही निघाली नाही. चारला तीन कमी असताना सगळे दारात होते. आत्यांच्या डोळ्यांभोवती दोन स्वच्छ वर्तुळे तेवढी उरली होती. पुतणीने काय झाले म्हणून विचारले, आणि काकांनी ताठ उभे राहून, काही न वगळता, सगळे सांगितले. ऐकता ऐकता तिला हसू फुटले. तीन दिवसांत पहिल्यांदाच. तिने तोंडावर हात धरला, पण ते थांबेना. अशी गोष्ट ऐकली की आधी बाबांना सांगायची, ही तिची लहानपणापासूनची सवय. ती स्ट्रेचरकडे वळलीसुद्धा. मग तिने चादरीची सुरकुती सारखी केली आणि हळूभाऊंना म्हणाली, चला.

त्या दिवशी शववाहिनी पंचवीसने गेली. स्मशानाच्या दारात ती इतकी शांत उभी राहिली की इंजिन चालू आहे की बंद, हे हळूभाऊंना हात लावून पाहावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मालकाच्या ऑफिसात आले. हळूभाऊ टोपी हातात घेऊन भिंतीला टेकले. मालकाने माफीचे पहिले वाक्य सुरू केले, तेव्हा काकांनी हात वर केला. ते तक्रार करायला आले नव्हते, त्यांना गाडी ठरवायची होती.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

मालकाच्या हातातले पेन थांबले. कोणत्या तारखेची, हे त्याच्या तोंडून सवयीने निघून गेले.

"ते अजून कळलेलं नाही," काका म्हणाले. "पण गाडी हीच आणि ड्रायव्हर हाच. तोपर्यंत दोघांनाही धडधाकट ठेवायची जबाबदारी तुमची."

मालकाने नाव लिहून घेतले. तारखेची जागा मोकळी राहिली, आणि ठरलेली गाडी मोडीत काढता येत नाही.

व्हॉल्व्ह पुन्हा तुंबू नये म्हणून मिस्त्रीने आठवड्यातून एक फेरी बांधून दिली आहे. दर रविवारी सकाळी हायवेवर पांढरी शववाहिनी पंच्याऐंशीने जाते आणि रस्त्यातले लोक गाड्या कडेला घेऊन बघत राहतात. पुढच्या सीटवर, काच खाली करून, काका बसलेले असतात. हळूभाऊंनी एकदा भीत भीत विचारले की पुढे वारा फार लागतो, मागे सरळ पाय पसरून का नाही बसत.

"ती जागा ठरलेली आहे," काका म्हणाले. "ती कुठे पळून जातेय? तू पाय काढू नकोस."