वीस फॉरवर्डांचा संघ

कुंडलिका स्पोर्ट्स क्लब, रोहा या नोंदणीकृत संस्थेच्या फुटबॉल संघात जूनअखेर एकूण एकोणीस खेळाडू होते. त्यांपैकी सतरा फॉरवर्ड, एक गोलकीपर आणि एक बॅक. बॅकने सेवाज्येष्ठतेच्या आधारावर फॉरवर्डपदी बढती मिळावी म्हणून अर्ज केलेला होता आणि त्याची फाईल समाधानकारक वेगाने पुढे सरकत होती.

ही मोजदाद अंबरीशने केली होती. तो ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि चहात साखर किती घालायची हे ग्रॅममध्ये सांगायचा. मागच्या हंगामात क्लबने अठरा सामन्यांत एकेचाळीस गोल केले आणि त्रेसष्ट खाल्ले, हेही त्याच्याच वहीत होतं. दहा संघांच्या 'अ' गटात क्लब आठवा आला. शेवटचे दोन संघ 'ब' गटात ढकलले जातात, म्हणजे क्लब एका पायरीवर लोंबकळत होता. 'ब' गटात गेलं की 'अ' गटातल्या पेणशी होणारा सामना संपला. आणि रोह्याने पेणला एकदा तरी हरवलेलं बघावं, एवढीच अंबरीशची इच्छा होती. नऊ वर्षं तो एकही सामना न चुकवता ती बाळगून होता.

एकोणिसांतले चार खेळाडू क्लबने यंदाच नवे घेतले होते. चौघेही फॉरवर्ड निघाले, तेव्हा 'कुंडलिका निष्ठावंत' या चारशे बारा सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आग लागली.

"बॅक घ्या, बॅक!"

"मागं काय म्हशी बांधायच्यात का?"

"अध्यक्षांना जाब विचारा. अंबरीश सरांना पाठवा, त्यांच्याकडं आकडे हायत."

क्लबचे अध्यक्ष बाबाजीशेठ राहायचे रोह्यात, पण त्यांचा गणपतीचा कारखाना जोहे गावात होता. जुलैतल्या एका सकाळी अंबरीश तिथे पोचला. मांडणीवर शेकडो मूर्ती ओळीने बसल्या होत्या, काहींच्या पायाशी गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. त्याच भिंतीवर खेळाडूंचे फोटोही होते आणि त्यांनाही तशाच चिठ्ठ्या होत्या : 'बुक.'

"बसा मास्तर. त्या लंबोदराला टेकू नका, ओला हाय."

अंबरीशने वही उघडली. "बाबाजीशेठ, आपल्याकडे सतरा फॉरवर्ड आहेत. मैदानात एका वेळी अकरा जण उतरतात."

"मग सहा राखीव. चांगलं हाय ना?"

"पण मागे कोण?"

बाबाजींनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. "मास्तर, चाळीस वर्षं ह्या धंद्यात हाय मी. गिऱ्हाईक येतो, समोर उभा राहतो. डोळे बघतो, सोंड बघतो, चिठ्ठी लावून जातो. मागं जाऊन पाठ बघणारा गिऱ्हाईक मला अजून भेटला नाय. म्हणून पाठीला एकच हात रंग. मखरात बसल्यावर मागं भिंतच असते."

"मैदानात मागे भिंत नसते. गोल असतो."

"तिथं प्रणित हाय की."

"एकटा आहे तो!"

बाबाजींनी थोडा विचार केला. ते दुष्ट नव्हते, फक्त समोर बघायची सवय झालेली होती. "लेखी द्या. नूतनबाईंकडं."

नूतनबाई क्लबच्या चिटणीस. एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. कार्यालय सुटलं होतं, टिप्पणी सुटली नव्हती. त्यांनी तत्काळ 'मागील बाजू अभ्यास समिती' स्थापन केली, स्वतःला तिचं अध्यक्षपद दिलं आणि अंबरीशच्या हातात एक छापील तक्ता ठेवला. त्यात तीन रकाने होते : खेळाडूचं नाव, सामने, केलेले गोल.

"अडवलेल्या फटक्यांचा रकाना नाही यात," अंबरीश म्हणाला.

"विहित नमुन्यात बदल करता येत नाही."

"मग गोलकीपरचं काम कुठे लिहू?"

"पुरवणी जोडा."

अंबरीशने एकोणीस ओळी अचूक भरल्या आणि पुरवणीत लिहिलं : 'प्रणितने गेल्या हंगामात अडवलेले फटके, एकशे अठ्ठ्याण्णव.' पुरवणी टाचणीने जोडली होती. नियमाप्रमाणे ती दोऱ्याने जोडायला हवी होती, त्यामुळे ती बाद झाली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. 'सादर तक्त्याचे अवलोकन केले असता, प्रणित या खेळाडूने नऊ हंगामांत एकही गोल केल्याचे आढळून येत नाही. तसेच गतवर्षी संघावर झालेल्या त्रेसष्ट गोलांपैकी सर्वच्या सर्व गोलांच्या वेळी सदर इसम घटनास्थळी हजर होता. सबब त्यास ना हरकत दाखला देऊन मुक्त करावे.'

पेणच्या क्लबने त्याच दिवशी प्रणितला उचललं आणि बदल्यात आपला एक जादा फॉरवर्ड दिला. नूतनबाईंनी तो 'आवक' म्हणून नोंदवला. त्याच बैठकीत बॅकची बढतीही मंजूर झाली. आता एकोणीसच्या एकोणीस फॉरवर्ड होते, आणि अहवालात 'संघात एकसूत्रता आली' असं वाक्य होतं.

प्रणित धाटावच्या कंपनीत नोकरीला होता. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो गेटवरच अंबरीशला भेटला.

"अंब्या, नऊ वर्षं मी चिखलात उड्या मारल्या आणि तू माझ्या नावापुढं शून्य लिहिलंस?"

"अरे, रकानाच तेवढा होता!"

"मग रकान्याला सांग आता गोलवर उभं राहायला."

रकाना उभा राहू शकत नसल्यामुळे आवर्ती पद्धत ठरली. दर सामन्याला एक फॉरवर्ड हातमोजे घालणार, वर्णमालेच्या क्रमाने. क्रम कडक पाळला गेला. हातमोजे घालणाऱ्याचं मन मात्र पुढेच असायचं. चेंडू पलीकडे गेला की तोही मागोमाग जायचा आणि गोलमध्ये कोणी नाही हे प्रतिस्पर्ध्यांच्या आधी त्याच्या आईला कळायचं, कारण ती प्रेक्षकांत बसून ओरडत असायची. पहिल्या दहा सामन्यांत क्लबने पस्तीस गोल केले, बावन्न खाल्ले. क्लब नववा.

ग्रुपवर आता शुभ प्रभातच्या जागीही 'बॅक घ्या' येऊ लागलं. एकाने बॅकच्या मागणीचं गाणं रचलं. दुसऱ्याने त्यावर रडक्या चेहऱ्यांची अठ्ठेचाळीस चित्रं टाकली.

जानेवारीत बाबाजींचा फोन आला. "मास्तर, तुमची ती टाचणीची पुरवणी मी घरी नेऊन वाचली. पटली मला. हंगामाच्या मध्यात एक माणूस घेता येतो. जिते गावचा काळुराम हाय, भातशेती करतो, बॅकला खेळतो. दरवाजासारखा माणूस."

अंबरीशला हातातला खडू खाली ठेवावा लागला. "घ्या ना मग!"

"नाय नाय. मागल्या खेपेला कोणाला विचारलं नाय म्हणून शिव्या खाल्ल्या. या खेपेला लोकांना विचारणार."

अध्यक्षांसकट ग्रुपवरच्या सगळ्यांना मोबाईलवर एक फॉर्म आला. नाव विचारत नव्हता, एका फोनवरून एकच मत घेत होता. दोन उमेदवार, प्रत्येकाचा एक व्हिडिओ.

पहिला रितेश. फॉरवर्ड. सोनेरी रंगवलेले केस, बावीस सेकंदांचा व्हिडिओ. तो हवेत उलटा होतो, पाय डोक्यावरून जातो, चेंडू जाळ्यात. मग तेच संथ गतीत, ढोल-ताशासह.

दुसरा काळुराम. चार मिनिटं. चेंडू येतो, काळुराम लांब मारतो. चेंडू येतो, काळुराम लांब मारतो. चेंडू शेतात जातो, काळुराम आणायला जातो. शेवटी तो कॅमेऱ्याजवळ येऊन विचारतो, "झाला काय? मला उन्हाळी भाताच्या लावणीचं बघायचंय."

अंबरीशने रितेशचा व्हिडिओ तीनदा पाहिला. पहिल्यांदा आवडला म्हणून, दुसऱ्यांदा नीट दिसला नाही म्हणून, तिसऱ्यांदा कोनीय वेग काढायला. मग त्याने शांतपणे हिशोब केला. चारशे अकरा माणसं सहा महिने रात्रंदिवस बॅक मागत आहेत. म्हणजे काळुराम निवडून आलेलाच आहे. आपल्या एका मताने निकालात चारशे बाराव्या हिश्शाचाही फरक पडत नाही. तेव्हा ते मत सौंदर्याला द्यायला हरकत नाही. त्याने रितेशवर बोट ठेवलं. गणितात कुठेही चूक नव्हती.

निकाल : रितेश चारशे अकरा, काळुराम एक.

काळुरामला पेणने घेतलं.

हंगामाचा शेवटचा सामना पेणच्याच मैदानावर आला. जिंकलं तर क्लब आठवा, 'अ' गटात. नाहीतर नववा आणि 'ब' गट. निष्ठावंत दोन बसगाड्या भरून आले. पेणच्या गोलमध्ये प्रणित होता, त्याच्यापुढे काळुराम. रोह्याकडे वीस फॉरवर्ड, आणि वर्णमालेच्या क्रमाने हातमोज्यांची पाळी आली होती 'र'ची. रितेश गोलमध्ये उभा राहिला. त्याचे केस उन्हात फार सुंदर दिसत होते.

रोह्याचे दहा फॉरवर्ड पुढे धावले आणि एकामागून एक काळुरामवर आपटले. काळुराम चेंडू लांब मारायचा. त्याच्याकडून जे निसटे, ते प्रणित उडी मारून छातीशी धरायचा. एकदा तर चेंडू धरून त्याने प्रेक्षकांत अंबरीशला शोधलं आणि हाताने हवेत मोठं शून्य काढलं.

विसाव्या मिनिटाला काळुरामचा असाच एक फटका सबंध मैदान ओलांडून रितेशसमोर टप्पा पडून उसळला. आजूबाजूला कोणी नव्हतं. रितेशला नुसता झेलता आला असता. पण तो हवेत उलटा झाला, पाय डोक्यावरून गेला. उलट्या किकने चेंडू मारणाऱ्याच्या मागे जातो, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. रितेशच्या मागे रोह्याचा गोल होता.

दोन्ही बसगाड्यांतली माणसं उठून टाळ्या वाजवत होती. अंबरीशही. चार सेकंद वाजवल्या त्याने. नंतर हात आपोआप थांबले.

पेण सात, रोहा शून्य.

पुढच्या रविवारी क्लबच्या सभागृहात खास सभा भरली. बसायला जागा नव्हती.

"कुणी आणला तो सोनेरी डोक्याचा?" एक जण गरजला. "आम्ही पहिल्यापासून बॅक मागत होतो!"

"मी तर काळुरामलाच मत दिलं होतं!"

"मीपण! माझ्या बायकोला विचारा!"

"अहो, मग हे चारशे अकरा आले कुठून? फॉर्ममध्येच घोटाळा झालाय!"

नूतनबाईंनी टेबलावर हात आपटला. "शांत राहा. आरोप गंभीर आहे, त्याची रीतसर नोंद होईल. ज्या सभासदांनी काळुरामला मत दिलं, त्यांनी रांगेत येऊन अनुक्रमांकासह सही करावी."

रांग लागली. ती दारातून बाहेर गेली, पायऱ्या उतरली आणि सायकल स्टँडला वळसा घालून परत आली. अंबरीश जागेवर बसून राहिला. त्याला सत्य माहीत होतं, निदान स्वतःपुरतं. मग शेजारच्याने विचारलं, "काय सर, तुम्ही नाही उठत? म्हणजे तुम्ही त्या सोनेरीला?" आजूबाजूची सहा डोकी त्याच्याकडे वळली. अंबरीश उठला, रांगेत उभा राहिला आणि पाळी आल्यावर स्वच्छ अक्षरात सही केली. अनुक्रमांक दोनशे चौदा.

रांग संपली तेव्हा त्या एका मताचे तीनशे सव्वीस धनी झाले होते. नूतनबाई वही मिटणार, एवढ्यात अध्यक्षांच्या खुर्चीवरून बाबाजी संकोचत उठले.

"माझीपण सही घ्या. ते मत माझं हाय."

सभागृहात हशा पिकला. "बाबाजीशेठ, आता तुम्हीसुद्धा?" कोणीतरी म्हणालं. नूतनबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, कीव आल्यासारखा एक सुस्कारा सोडला आणि लिहिलं : तीनशे सत्तावीस.

वही क्लबच्या कार्यालयात अजून उघडी आहे. हे वाचताना आपण असतो तर काळुरामलाच मत दिलं असतं, अशी ज्यांची खात्री झालेली आहे, त्यांनी अकरा ते एक या वेळेत येऊन सही करावी. आपला अनुक्रमांक तीनशे अठ्ठावीस.