उंद्रीचा पहिला रकाना

चिखलीच्या पीक-अंदाज कचेरीत इंद्रभानची नोकरी अजून कच्ची होती. साहेबांवर छाप पाडायची तर काहीतरी नवे करून दाखवायला हवे, आणि दरवेळी हाताने समीकरण लिहायचा त्याला भारी कंटाळा. म्हणून त्याने अकोल्याच्या मोठ्या कचेरीतल्या कॉम्प्युटरलाच शिकवून ठेवले. तक्त्यातला पहिला रकाना म्हणजे काढायचे उत्तर, उरलेले सगळे रकाने म्हणजे त्याची कारणे. मध्ये अधिकची चिन्हे घाल आणि समीकरण तूच जुळव. उंद्री गावचा घरोघरचा तक्ता तिथल्याच शेतकरी उकंडरावांनी भरून दिला. अकोल्याहून उत्तरे आली, तसे महादेवराव साहेब ती पडताळायला इंद्रभानला घेऊन थेट उकंडरावांच्या ओसरीवर येऊन बसले.

"आज जमलं तर तुझी नोकरी पक्की," साहेब म्हणाले. "हिंमतराव पाटलांचा अंदाज वाच."

"चार."

"चार काय?"

"क्विंटल कापूस, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. पाटलांच्या अंगणातला कापसाचा ढीग छपराला टेकलेला त्यांनी येतानाच पाहिला होता. इंद्रभानने घाईघाईने तक्ता उलगडला आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. पहिल्या रकान्यात कापूस नव्हता, बैल होते.

"उकंडराव, बैल पहिले काऊन लिहिले?"

"मंग? आमच्या घरी पहिला घास बैलाचा, मंग मानसाचा. कापूस बैलाच्या पुढं कसा लिहू?"

म्हणजे जमीन, कापूस, कडबा पाहून कोणाकडे किती बैल असावेत, याचेच समीकरण कॉम्प्युटरने इमानेइतबारे मांडले होते. साहेब तापले. "निदान बैल तरी बरोबर आहेत का? या उकंडरावांचे किती?"

"एक," इंद्रभान पुटपुटला.

"तक्त्यात दोन आहेत. म्हणजे तेही चूक. उद्यापासून येऊ नकोस."

उकंडरावांचा चेहरा मात्र पार उतरला होता. दारात उभ्या त्यांच्या बायकोच्या, पुष्पाबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. "अवं, दुसरा बैल धामणगावले तुमच्या बहिणीकडं वखरनीले देला म्हनता, तो कधी येते?"

"येईन ना."

"मंग घाबरून काऊन राह्यले? इकला का?"

उकंडरावांनी मान खाली घातली. "हाव. पन त्या कॉम्प्युटरले कोनं सांगितलं?"

पुष्पाबाई तडक आत गेल्या. साहेब तक्त्यावर वाकले. कडबा एका बैलापुरताच लिहिला होता. मग इंद्रभानला हळूच बाजूला घेऊन ते म्हणाले,

"नोकरी पक्की समज. फक्त चिखलीच्या तक्त्यात माझं घर घेऊ नकोस."