खुशालरावांनी कॅमेरा बंद केला

जठारपेठेतली लाईट दुपारी एकला जायची ती पाचला यायची, आणि सिंगापूरला असलेल्या मुलीला, आचलला, सवड मिळायची ती नेमकी रविवारी तीनला. तिची लेक बावीस दिवसांची झाली होती. मागच्या रविवारी बाळाचं टोपडं दिसलं, आणि तोंड दिसायच्या आत जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपली. आजी झालेल्या आशाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यांचे यजमान खुशालराव कापसाच्या जिनिंगवर वजन करणारे काटेवाले होते. कपाशी बुडत गेली तसं जिनिंगही बंद पडलं, आणि तेव्हापासून ते दुपारभर छताकडे पाहत बसत. पेपरात त्यांनी वाचलं होतं : लॅपटॉपमधली वापरात नसलेली यंत्रं बंद केली, तर बॅटरी जास्त टिकते.

शनिवारी त्यांनी लॅपटॉपमधल्या यंत्रांची यादी उघडली आणि हरखून गेले. एवढ्याशा पेटीत केवढा कारखाना! ब्लूटूथ बंद केलं, जुना टेलिफोनचा मोडेम बंद केला; नेट तर डोंगलवरून यायचं. पस्तीस मिनिटांची पन्नास झाली. दूर शेतातले दिवे एकेक करून मालवावेत, तशी एकेक यंत्र बंद करताना त्यांना धुंदीच चढली.

"कॅमेरा?" ते स्वतःशीच म्हणाले. "आपल्याले तिले पाहाचं हाय. आपलं थोबाड पाहून ते पोरगी काय करन?"

कॅमेरा बंद.

"मायक्रोफोन? आपल्याले काय भाषण द्याचं हाय!"

मायक्रोफोनही बंद. पडद्यावर एक तास वीस मिनिटं उमटली.

रविवारी तीनला, पंखा थांबलेल्या त्या गरम, निळसर खोलीत बाळाचा चेहरा उगवला. आशाबाईंनी हात जोडले.

"आई? बाबा?" आचल म्हणाली. "काही दिसून नाही राहिलं. आवाज बी नाही."

"आमी हाओ ना वं माय, इथंच हाओ!" आशाबाई ओरडल्या.

सिंगापुरात काहीच पोचलं नाही. खुशालरावांनी घाम पुसत पुन्हा यादी उघडली. कॅमेरा चालू करायला गेले, तर पाटी आली : आधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा.

"दोन मिनिटं बंद करा लागते."

"हात लावून पाहा फक्त! मागच्या रविवारी बी दोनच मिनिटं म्हणत होते."

"अवं, पण तिले आपण दिसून नाही राहिलो."

"मले ते दिसून राहिली ना!"

पलीकडे जावई नितेश विचारत होता, "बंद करू का?"

"राहू दे. बाबा काहीतरी खुटखुट करून राहिले असतील. होईन सुरू."

"आईचे डिंकाचे लाडू संपले?"

"शेजारच्या चिनी आजीले देल्ले. मले नाही जात रे गोड."

"तीन दिवस खपली मी त्याच्यात!" आशाबाई लॅपटॉपवर कडाडल्या. खुशालराव छताकडे पाहू लागले.

नितेश खाली दूध आणायला गेला. बाळ रडू लागलं. आचलनं त्याला खांद्यावर घेतलं, आडवं धरलं, उभं धरलं. आशाबाई इकडून सांगत होत्या, "मान धर तिची, मान! पोट दुखून राहिलं तिचं, ओव्यानं शेक!" मग आचल पलंगावर टेकली आणि तिचेच डोळे भरून आले.

"मले काहीच येत नाही गं," ती बाळाला म्हणाली. "आजीले नको सांगू. तिले म्हणलं मी, इतक्या दूर येऊ नको, मले सारं जमते."

आशाबाई बोलायच्या थांबल्या. बाळ दमून झोपलं, मागोमाग आचलही. पडद्यावर दोघी श्वास घेत होत्या. जठारपेठेत वारा नव्हता, गाडी नव्हती, आवाज नव्हता. आशाबाई पदरानं पडद्यालाच वारा घालत राहिल्या, आणि त्यांना थांबवावं असं खुशालरावांना वाटलं नाही. ते दोघं कुठल्यातरी समुद्रापलीकडच्या पलंगाच्या उशाशी बसले होते. सव्वाचारला पडदा काळा झाला, तरी बराच वेळ कोणी उठलं नाही.

साडेपाचला आचलचा फोन आला. "आई, काहीच दिसलं नाही का गं तुमाले?"

"काही दिसलं नाही. ऐकू बी नाही आलं," आशाबाई म्हणाल्या. "मले येवढं सांग, पासपोर्ट काढाले किती दिवस लागते?"

"पासपोर्ट? काहून?"

"काहून म्हंजे? साऱ्यायच्या घरी असते. आपल्या बी घरी असावा."