यमुनाबाईंची गोपनीयता

यमुनाबाईंचा उजवा हात मोडला, ही बाब आमच्या संस्थेत अत्यंत गांभीर्याने घेण्यात आली.

रामाकोन्याजवळच्या एका बागेत संत्र्याची गाडी भरणं चालू होतं. कॅरेटची थप्पी कोसळली आणि शेजारी बसून फळं निवडणाऱ्या यमुनाबाईंच्या मनगटावर आली. गावातच कोणीतरी पट्टी बांधून दिली आणि हाड वाकडं जुळायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की लवकर येऊन ऑपरेशन करून घ्या, उशीर झाला तर बोटं मिटणार नाहीत. ऑपरेशन फुकट होतं. पण तिथे जाऊन राहायचं कसं, सोबतीला येणाऱ्या बाईची मजुरी कोण भरून देणार आणि तोवर घरी म्हातारी सासू काय खाणार, हे प्रश्न होते. यमुनाबाईंना नवरा नव्हता आणि हात मोडल्यापासून कामही नव्हतं.

अशा वेळी काय करावं याचं मी शिक्षण घेतलेलं आहे. समाजकार्यात मी एम. ए. आहे. नाव प्रफुल्ल, हुद्दा सौंसरच्या संस्थेत क्षेत्र समन्वयक. शिक्षण नसतं तर मी यमुनाबाईंना सरळ बसमध्ये बसवून दिलं असतं.

आमचे संचालक भूपेंद्र सर नुकतेच एका प्रशिक्षणाहून परतले होते. विषय होता 'मदतीतील नैतिकता'. तिथून त्यांनी एक कापडी पिशवी, एक पाण्याची बाटली आणि बरीच तत्त्वं आणली होती.

"मदत करणं सोपं आहे," ते मला म्हणाले. "पण ती बाई मदत घेऊन राहिली हे गावाला समजलं तर? तिला काही सन्मान आहे की नाही? तू संस्थेची जीप नेऊ नको. गळ्यात ओळखपत्र नको. गाडी लांब उभी कर, पायी जा. आणि पहिल्या भेटीत काही द्यायचं नाही. पहिली भेट विश्वासाची."

त्याप्रमाणे मी बसस्टँडमागे मोटारसायकल लावली, काळी बॅग खांद्याला अडकवली आणि खालच्या आवाजात यमुनाबाईंचं घर विचारत विहारामागच्या गल्लीत शिरलो. काय काम आहे, असं दोघातिघांनी विचारलं. मी "खाजगी आहे" म्हणालो. गोपनीयता पाळल्याचं मला समाधान वाटलं.

यमुनाबाईंनी डाव्या हाताने चहा केला. मी नम्रपणे नकार दिला. "आम्हाला लाभार्थ्याकडून काही घेता येत नाही."

त्यांनी कप सासूला दिला. "मंग देता येते का?"

"ते प्रक्रियेत आहे," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाव बदललेलं होतं. मोटारसायकल लांब लावून, काळी बॅग घेऊन हळू आवाजात बायकांची घरं विचारणारी माणसं रामाकोन्यात नवी नाहीत. ती गटकर्जाच्या वसुलीला आलेली असतात. यमुनेनं गुपचूप कर्ज उचललं, हप्ते थकवले आणि आता माणूस दारात येऊ लागला, असं गावाने ठरवून टाकलं होतं. किराणा दुकानदार यशवंतरावांनी तिला उधार देणं बंद केलं. शेजारच्या जयवंताबाई नागपूरला सोबत यायला तयार झाल्या होत्या. आपल्याला जामीन राहायला लावतील या भीतीने त्यांनी दार लावून घेतलं.

"भाऊ," यमुनाबाई म्हणाल्या, "माह्यं कोणी खरं मानत नाही. तुम्ही दुकानात जाऊन एवढं सांगा, का मी वसुलीवाला नाही म्हणून."

"मग मी कोण, तेही सांगावं लागेल."

"सांगा ना मंग."

"त्याने तुमच्या गोपनीयतेचा भंग होतो, ताई."

"होऊ द्या. म्हातारी दोन दिवसांपासून नुसता भाताचा माड पिऊन राहिली. मले गोपनीयता नाही पाह्यजे जी."

तशी लेखी संमती लागेल, असं मी म्हणालो. कागद माझ्या बॅगेतच होता. त्यांनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली आणि मी विजयी मुद्रेने सौंसरला परतलो.

भूपेंद्र सरांनी ती सही बराच वेळ पाहिली. "ही संमती तिने अडचणीत असताना दिली ना?"

"हो सर."

"मग ती मुक्त संमती कशी होईल? अडचणीतला माणूस कशालाही हो म्हणतो. आधी तिची अडचण दूर झाली पाहिजे. मग तिने दिलेली संमती खरी. मग आपली मदत."

"पण सर, अडचण दूर झाल्यावर मदत कशाला लागेल?"

सर प्रसन्न झाले. "बरोबर प्रश्न विचारला. यावर पांढुर्ण्याला एक कार्यशाळा घेऊन टाकू. तू शोधनिबंध वाच."

माझा विरोध शोधनिबंधाचं नाव निघेपर्यंतच टिकला. आणि खरं सांगायचं तर रामाकोन्याच्या बसस्टँडवर एकदा माझा हात खिशाकडे गेलाही होता. पण कार्यकर्त्याने स्वतःच्या खिशातून दिलं तर लाभार्थी परावलंबी होतो, असं पुस्तकात आहे. यमुनाबाईंना परावलंबी करायचं नाही म्हणून मी पाकीट पुन्हा आत ठेवलं. इतर तत्त्वं पाळताना मला त्रास झाला असेल, पण हे तत्त्व मला लगेच पटलं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथल्या कार्यशाळांना जिल्हास्तरीय म्हणता येतं, त्यामुळे जेवणात पाटोडीही होती. मी नाव अर्थातच बदललं. 'श्रीमती य., रामाकोना, विहारामागे राहणाऱ्या, संत्री निवडताना उजवा हात मोडलेल्या' यांच्या गोपनीयतेचं आम्ही कसं रक्षण करतो, हे मी तपशीलवार मांडलं. घरात शिजायला काही नाही, तेही मांडलं. सभागृह हेलावलं. एका मान्यवरांनी डोळे पुसले आणि पाटोडी आणखी मागवली.

वाढायला आलेल्या बायकांत एक रामाकोन्याची होती. संध्याकाळच्या बसने माझा शोधनिबंध गावात पोचला.

त्यानंतर मी गेलो तेव्हा यमुनाबाईंच्या दाराला कुलूप होतं. म्हातारी यशवंतरावांच्या ओसरीवर बसून जेवत होती.

"नागपूरले गेली ते," यशवंतराव म्हणाले. "जयवंताबाई गेली संग. भाड्याचे पैसे गल्लीनं जमवले. काहून जी, तुम्ही संस्थेचे होते तं पहिल्याच दिवशी बोलाचं होतं ना. आम्ही काय तिचे दुश्मन हाओ? तुमच्यापाई मी त्या म्हातारीले वापस पाठवलं दुकानातून."

त्यांना माझा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती. मी गोपनीयतेची संकल्पना समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी तेलाचं माप हातात घेतलं, तेव्हा मी थांबलो.

ऑपरेशन झालं, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. यमुनाबाईंची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. फळ हातात धरून फिरवता येत नाही, म्हणून निवडीचं काम गेलं. आता त्या बागेत निंदणाला जातात, त्यात मजुरी कमी. आमच्या वार्षिक अहवालात त्यांची नोंद 'लाभार्थी स्वावलंबी झाल्या' अशी आहे. कागदोपत्री ते खोटं नाही. त्यांनी आमच्याकडून काहीच घेतलेलं नाही.

परवा त्या सौंसरच्या बाजारात भेटल्या. मी त्यांना सांगितलं, की तुमच्यावर गोष्ट लिहून राहिलो, तुमची परवानगी पाहिजे.

"आता अडचणीत नाही ना तुम्ही?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"अडचण कायची जी. सवय झाली," त्या म्हणाल्या. "पण वाचते कोण हे?"

"मराठी वाचक. फार संवेदनशील असतात, ताई. तुमचं दुःख त्यांना बरोबर समजेल. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतील."

"अन् मंग?"

"मग वाईट वाटेल त्यांना. मग पान उलटतील."

यमुनाबाईंनी भाजीची पिशवी त्या न मिटणाऱ्या बोटांवरून काढून दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे तुमच्याच संस्थेतले हायेत," त्या म्हणाल्या.