या नाण्यात कोणतीही शक्ती नाही

शनिवारी सकाळी साडेनऊला पद्मनाभरावांचं खातं बंद झालं आणि पावणेदहापर्यंत त्यांनी घरातल्या सगळ्यांशी भांडून घेतलं. घरात ते आणि वीणाबाई अशी दोनच माणसं, त्यामुळे वीणाबाईंच्या वाट्याला भांडण दोनदा आलं.

खातं बँकेचं नव्हे. ज्या वेबसाइटवर ते सहा वर्षं जुनी नाणी विकत होते, तिथलं विक्रेत्याचं खातं. चलन विकायला परवानगी नाही, असं कारण दिलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचा तांब्याचा पैसा घेऊन आज कोण कोपऱ्यावर दूध आणायला जाणार आहे, असं पद्मनाभरावांनी इंग्रजीत चार परिच्छेद लिहून विचारलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यांनी आणखी सहा परिच्छेद लिहिले. तितक्याच वेळात तेच उत्तर पुन्हा आलं. पद्मनाभरावांना खरा संताप यायचा तो समोरचा चिडत नसेल तर.

विमा कंपनीतली नोकरी सोडून ते पूर्णवेळ नाण्यांच्या धंद्यात पडले, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. आधी बेंगळूरच्या चिक्कपेठेत एक बोळकंडीएवढं दुकान होतं. तिथे ते गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय नाणं हातात देत नसत. बायकोच्या वाढदिवसाला लॉकेट करायला चांदीचं नाणं हवंय म्हणणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी दुकानाबाहेर काढलं होतं, आणि तो गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागून ऐकवत राहिले होते. वेबसाइटवर गिऱ्हाईक दिसत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण, असं वीणाबाईंचं मत होतं. त्यांनीच आग्रह धरून दुकान बंद करायला लावलं होतं.

आता वेबसाइटही गेली. ही बातमी वीणाबाईंच्या भावाला, श्रीवत्सला, दुपारच्या आत कळली. त्याची यशवंतपूरला कांदे-बटाट्याची वखार होती. त्याने फोन करून अगदी प्रेमाने सांगितलं, "भावोजी, पहिल्या तारखेपासून या आमच्याकडे. गेटवर बसायचं, किती ट्रक आले ते लिहायचं. बसूनच काम आहे."

"मी कांदे मोजू?" पद्मनाभरावांनी विचारलं.

"कांदे नाही, ट्रक," श्रीवत्स म्हणाला.

पहिली तारीख चार आठवड्यांवर होती. तोवर नाणी विकायचा दुसरा मार्ग शोधून दाखवतो, असं बायकोला सांगून पद्मनाभराव कामाला लागले. आधी त्यांनी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जुनी नाणी' एवढे दोनच शब्द आणि आपला फोन नंबर टाकला. तो इकडून तिकडे फिरत हुबळीपर्यंत गेला. दोन दिवसांत एक्केचाळीस फोन आले आणि एक्केचाळीसही जणांना नाणी विकायची होती. कोणाकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट होती, कोणाकडे देवीचं चित्र असलेलं नाणं. त्याला नऊ लाख मिळतात, असं प्रत्येकाने मोबाइलवर पाहिलं होतं. त्याला पाचच रुपये मिळतात, असं पद्मनाभराव ओरडून सांगत. एकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरी सर, बरं, मग सहा लाख द्या."

तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन बंद करून ठेवला.

मग वीणाबाईंची भाची कस्तुरी आली. ती पुण्याहून नोकरीसाठी बेंगळूरला आलेली आणि येलहंक्याला एका मोठ्या सोसायटीत राहणारी. त्यांच्या आवारात दर रविवारी बाजार भरायचा. "काका, तुम्ही एक टेबल घ्या ना," ती म्हणाली. "चारशे फ्लॅट्स आहेत. लोकांना असलं व्हिंटेज वगैरे जाम आवडतं. फक्त स्वल्प प्रेमाने बोला." 'स्वल्प' म्हणजे 'थोडं', हा कानडी शब्द ती नुकताच शिकली होती आणि मिळेल तिथे वापरत होती.

पहिल्या रविवारी पद्मनाभरावांना चौदा नंबरचं टेबल मिळालं. एका बाजूला लोणची, दुसऱ्या बाजूला भार्गवी. भार्गवी मूळची नागपूरची. चांगली कंप्युटरमधली नोकरी सोडून ती रंगीत खडे विकत होती. गुलाबी खडा शांतीचा, हिरवा यशाचा, काळा दृष्ट लागू नये म्हणून. पद्मनाभरावांनी खडे पाहिले, पाट्या वाचल्या आणि आपली खुर्ची दीड फूट लोणच्यांकडे सरकवली.

त्यांनी म्हैसूर संस्थानचे तांब्याचे पैसे मांडले होते, एका बाजूला हत्ती असलेले. सकाळभर लोक थांबत, बघत आणि पुढे जात. एका बाईने यात चॉकलेट आहे का म्हणून विचारलं. तिला पद्मनाभराव जे काही म्हणाले, त्यानंतर लोणच्याच्या टेबलाकडचीही गर्दी ओसरली.

अकराच्या सुमारास पहारेकऱ्याने त्यांची स्कूटर जागेवरून हलवल्याचं त्यांना दिसलं. त्या भांडणाला वीस मिनिटं लागली. परत येऊन बघतात तर सहा नाणी गायब आणि त्यांच्या फोनवर सहा जणांचे पैसे जमा.

"मी विकली नं काका," भार्गवी आनंदाने म्हणाली. "तुमचा स्कॅनर होताच टेबलावर."

"काय सांगून विकली?"

"काही नाही. हत्ती आहे नं त्याच्यावर. म्हटलं, अडचणी दूर करतो, पर्समध्ये ठेवा."

पद्मनाभराव त्यावर जे बोलले ते तीन भाषांत होतं. अकरा वर्षांत त्यांनी एकही नाणं खोटं सांगून विकलं नव्हतं. झिजलेल्याला झिजलेलं म्हटलं होतं, नकली निघालं तर स्वतःच्या हाताने कापून टाकलं होतं. आणि आज त्यांच्या टेबलावरून, त्यांच्याच नावावर, सहा ताईत विकले गेले होते. त्यांनी भार्गवीकडून सहाही घरांचे नंबर काढून घेतले आणि पैसे परत करून नाणी आणायला निघाले.

कोणीच नाणं देईना. दोघांनी दार उघडलं नाही. तिघांनी ऐकून घेतलं, हसले आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. शेवटचं घर सातव्या मजल्यावर. तिथे रंजिता नावाची पस्तिशीची बाई राहत होती. एका शाळेत गणित शिकवायची. तिने उंबऱ्यावरच दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळं ऐकलं.

"मला नाणं आवडलंय, मी परत देणार नाही," ती कानडीत म्हणाली. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे मला खोटं सांगितलं गेलं. मग खरं काय ते लिहून द्या."

पद्मनाभरावांनी तिथेच जिन्यात बसून, बाजाराच्या जाहिरातीच्या मागच्या बाजूला लिहिलं. तांब्याचा पैसा, म्हैसूर. वजन अकरा ग्रॅम. हत्तीचं तोंड डावीकडे. त्याखाली, कागद फाटेल इतकं दाबून: 'या नाण्यात कोणतीही शक्ती नाही. हे जवळ ठेवल्याने काहीही होत नाही.' आणि सही. मग तशाच आणखी पाच चिठ्ठ्या लिहून उरलेल्या पाच दारांखालून सरकवल्या.

दुसऱ्या रविवारी ते पोचले तेव्हा चौदा नंबरच्या टेबलापुढे रांग होती.

झालं होतं असं, की कोणीतरी त्या चिठ्ठीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. जो माणूस पैसे परत द्यायला सात मजले चढतो त्याचा माल खोटा कसा असेल, असं एकाने लिहिलं. त्यातच, नाणं घेतलेल्या एका इंजिनियरचा सात महिने रखडलेला व्हिसा मंगळवारी मंजूर झाला. त्याने नाणं, चिठ्ठी आणि पासपोर्ट यांचा एकत्र फोटो टाकला. विकणारा स्वतः इतकं ठासून नाही म्हणतोय म्हणजे काहीतरी असणारच, यावर चारशे फ्लॅटांचं एकमत झालं.

"काहीही होत नाही," पद्मनाभराव रांगेतल्या प्रत्येकावर खेकसले. लोक आदराने मान हलवत. चिठ्ठी मात्र प्रत्येकाला हवी होती, सहीसकट. एकाला त्यांनी घाईत सही करायची विसरलेली चिठ्ठी दिली, तर तो घरून परत आला. दुपारी एक वाजता पेटी रिकामी झाली.

घरी येऊन त्यांनी ती पेटी जेवणाच्या टेबलावर आपटली. "एकाने विचारलं नाही, की हे कोणत्या टांकसाळीचं," ते म्हणाले. "एकाने नाणं उलटून बघितलं नाही. यापेक्षा कांदे बरे. कांद्याला कोणी नमस्कार करत नाही."

वीणाबाईंनी पानं वाढली आणि श्रीवत्सला फोन लावला. यांना पहिल्या तारखेला जमणार नाही, रविवारी त्यांचं काम असतं, असं सांगून टाकलं. वखार रविवारी बंद असते, हे श्रीवत्सला सांगायचं होतं, पण फोन ठेवला गेला होता.

तिसऱ्या रविवारी सोसायटीच्या कमिटीने त्यांना बोलावलं. सेक्रेटरी अभिराज हा टाय लावून बाजारात फिरणारा माणूस होता. त्याने एक तक्रारअर्ज वाचून दाखवला. चौदा नंबरच्या टेबलावर अंधश्रद्धेचा प्रसार होतो, शिकलेल्या लोकांच्या वस्तीत हे शोभत नाही, संबंधितास बंदी घालावी.

पद्मनाभरावांनी खिशातून चिठ्ठी काढली, अभिराजच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. अभिराजने वाचली. मग मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली. मग कमिटीतल्या दोघांशी कुजबुजून त्याने निर्णय दिला. ज्या मालासोबत 'यात शक्ती नाही' असं लेखी दिलं जातं, तो माल विकायला हरकत नाही. ज्यासोबत दिलं जात नाही, तो आजपासून बंद.

म्हणजे भार्गवी बंद.

पद्मनाभराव टेबलाकडे आले तेव्हा ती खडे भरायला लागली होती. शांतीच्या पाटीवर यशाची पाटी, त्यावर दृष्टीची. खरं तर पद्मनाभरावांना आता बरं वाटायला हवं होतं. ते काही वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांना उलट अभिराजचा राग आला. आपली चिठ्ठी दाखवून दुसऱ्याचं दुकान बंद करतो, हे कुठलं शहाणपण.

"ठेव ते खाली," ते भार्गवीला म्हणाले. "कागद आहेत का?"

पुढचा पाऊण तास ते लिहीत होते. हा गुलाबी दगड आहे. यात कोणतीही शक्ती नाही. याने शांती मिळत नाही. हा हिरवा दगड आहे. याने यश मिळत नाही, अभ्यास करावा. प्रत्येक चिठ्ठीबरोबर ते भार्गवीला एक वाक्य ऐकवत होते आणि ती "हो काका" म्हणत चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होती. अभिराजने एक चिठ्ठी वाचली आणि टाय सरळ करत तो पुढे गेला. साडेबारापर्यंत भार्गवीचे सगळे खडे खपले. इतके तिचे आजवर कधीच खपले नव्हते. एका गृहस्थाला खडा नको होता, नुसती चिठ्ठी हवी होती. त्याच्या अंगावर पद्मनाभराव पेन घेऊन धावले.

ते जागेवर येऊन बसतात तोच समोर रंजिता उभी. एका हातात नाणं, दुसऱ्या हातात जिन्यात लिहिलेली ती पहिली चिठ्ठी. ती चिडलेली होती. नमस्कार वगैरे काही नाही.

"तुम्ही लिहिलंय, हत्तीचं तोंड डावीकडे. माझ्या हत्तीचं उजवीकडे आहे."

"शक्य नाही," पद्मनाभराव म्हणाले.

तिने नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावलं. हत्ती उजवीकडे बघत होता. त्या दिवशी संतापाच्या भरात त्यांनी सहाही चिठ्ठ्यांवर, नाणी समोर नसताना, डावीकडेच लिहून टाकलं होतं.

"आणि वजन अकरा ग्रॅम नाही," रंजिता म्हणाली. "मी शाळेतल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तीनदा मोजलं. दहा पूर्णांक सहा."

"झिजतं ते."

"मग झिजलेलं वजन लिहायचं. न बघता सही कशी केलीत? दोन आठवडे मी उजवा की डावा करत बसलेय. माझ्या शेजारणीच्या नाण्यावर डावीकडे आहे. पाठीमागची अक्षरं मात्र दोन्हींची सारखी. एकाच टांकसाळीतला एक हत्ती इकडे बघतो आणि एक तिकडे, हे का?"

पद्मनाभरावांनी सवयीने ओरडायला तोंड उघडलं. मग ते मिटून त्यांनी नाणं उलटून पाहिलं. शेजारी भार्गवी टेबल आवरता आवरता थांबली. पद्मनाभराव उठले, आपली खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि ती रुमालाने पुसली.

"बसा," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "यावर दोन मतं आहेत. दोन्ही चुकीची आहेत. स्वल्प वेळ लागेल सांगायला."

"वेळ आहे मला," रंजिता म्हणाली, पण बसली नाही. तिने चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. "आधी हे दुरुस्त करा."

पद्मनाभराव उभ्यानेच वाकले, 'डावीकडे' खोडलं, 'उजवीकडे' लिहिलं, वजन बदललं आणि ते बरोबर आहे का बघायला चिठ्ठी तिच्याकडे दिली.